खोट्या खुणेची राखणदार

माझं नाव हेमांगी टिळेकर. नवऱ्याचं नाव निरंजन आठल्ये. लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी नाव बदललं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात. आयटीआयच्या सर्टिफिकेटपासून सर्व्हिस बुकापर्यंत सगळीकडे टिळेकर होतं, आणि इतक्या ठिकाणी अर्ज करत बसायचा मला कंटाळा आला. त्या कंटाळ्याने पुढे काय घोळ घातला, तेच सांगायचंय.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला. वणीच्या पलीकडे आंबेझरी म्हणून गाव आहे, तिथे चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे, आणि त्या खाणीच्या पोटात सव्वाशे मीटर आत आमची वेधशाळा. आकाश न दिसणारी वेधशाळा, असं निरंजन प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि पाहुणा प्रत्येक वेळी हसतो. निरंजन तिथला मुख्य शास्त्रज्ञ. मी वर्कशॉपची सुपरवायझर. केसासारख्या तांब्याच्या तारेची वेटोळी करणं हे माझं काम. गेली एकोणतीस वर्षं मी तारा गुंडाळतेय, आणि गुंडाळलेली तार माझ्याकडून कधी परत आलेली नाही.

आम्ही शोधतो काय, तेही मीच सांगते. निरंजन सांगायला बसला तर तुमची जेवणाची वेळ टळेल.

आपली आकाशगंगा ज्या वेगाने फिरते, त्या वेगाने तिच्यातले तारे केव्हाच बाहेर फेकले जायला हवे होते. तसं होत नाही. म्हणजे दिसतंय त्याच्या कितीतरी पट वजन तिच्यात आहे, आणि ते दिसत नाही. त्याला म्हणतात कृष्णद्रव्य. ते कशाचं बनलंय हे आज दोन हजार त्रेचाळीस साल उजाडलं तरी कोणाला ठाऊक नाही. आधी लोकांना वाटायचं, जड कण असतील, कुठेतरी येऊन आपटतील. त्यांची वाट बघून बघून माणसं रिटायर झाली. आमच्यासारखे म्हणतात, कणच आहेत, पण अतिहलके. इलेक्ट्रॉनच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग घ्या, त्याहूनही हलके. असा कण एकेकटा पकडता येत नाही. पण ते इतके दाटीने असतात की सगळ्यांची मिळून एक लाटच होते. ही लाट आत्ता तुमच्याआमच्यातून एका ठरलेल्या तालात जात असेल. कण जितका हलका, तितका ताल संथ. ताल सापडला की वजन कळलं.

ताल पकडायला आमच्याकडे लिंबाएवढा काचेचा गोळा आहे. आत रुबिडियमची वाफ. लेसर सोडून त्या वाफेतल्या सगळ्या अणूंची तोंडं एका दिशेला वळवायची, आणि बाहेरचा कसलाही चुंबकी प्रभाव आत पोचू नये म्हणून गोळ्याभोवती मिश्रधातूची पाच कवचं चढवायची. मग वाट बघायची. लाट गेली तर ते सगळे अणू मिळून एका तालात किंचित डुलतील, आणि दुसरा लेसर ते डुलणं वाचेल. क्वांटम सेन्सर म्हणतात तो हाच. पंचाईत एवढीच की हे अणू कशानेही डुलतात. शेतातला पंप, चार्जिंगला लावलेला ट्रॅक्टर, पट्ट्याचं बक्कल, काहीही. म्हणून असे चार गोळे चार देशांत ठेवलेत. चारही ठिकाणी एकाच वेळी एकच ताल दिसला, तरच तो बाहेरून आलाय असं धरायचं.

म्हणूनच आमच्या दारावर भाऊराव टेकाम बसतात. तिसऱ्या दारापुढे लोखंड न्यायचं नाही. किल्ली नाही, कडं नाही, शरीराच्या आत बसवलेलंसुद्धा नाही. एका मोठ्या प्राध्यापकांच्या मांडीत सळई होती. टेकामांनी त्यांना तिसऱ्या दाराबाहेर खुर्ची दिली, चहा पाजला आणि तिथूनच परत पाठवलं.

आता खोटी खूण. जन्मभर एखादी गोष्ट शोधणाऱ्या माणसाला ती भिंतीच्या पोपड्यातही दिसायला लागते. म्हणून आमच्या चार देशांच्या मंडळाची एक रीत आहे. कोणाला न सांगता, केव्हातरी, चारही यंत्रांत एक खोटी खूण सोडायची, हुबेहूब त्या लाटेसारखी. ती कधी सोडली, कुठल्या तालाची, मुळात सोडली की नाही, हे फक्त दोघांना माहीत. एक समितीच्या अध्यक्ष डॉ. साल्मी, फिनलंडच्या, आणि दुसरा राखणदार. बाकीचे दीडशे जण शोधत बसतात. काही सापडलं तर शोधनिबंध पूर्ण लिहायचा, सगळ्यांनी मत द्यायचं, आणि मगच लखोटा उघडायचा. आत खोटी खूण निघाली तर निबंध रद्द. लखोटा कोरा निघाला तर जगाला सांगायचं.

राखणदार हा विश्लेषणात नसलेला माणूस लागतो. गेल्या वर्षी साल्मीबाईंनी यादीतून 'टिळेकर एच. व्ही., वर्कशॉप' असं नाव उचललं. फॉर्मवर प्रश्न होता: तुम्ही किंवा तुमच्या विभागातलं कोणी विश्लेषणाचं काम करतं का? मी लिहिलं, नाही. खरंच होतं ते. नवऱ्याचं फॉर्मने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एकोणतीस वर्षं लोकांनी माझ्याकडे तारच मागितली होती. कोणीतरी पहिल्यांदा विश्वासाने काही सांभाळायला दिलं होतं. मला ते हवं होतं, बस.

गोळ्याभोवती नऊ वेढ्यांचं एक बारीक वेटोळं असतं. चारही देशांतली वेटोळी माझ्याच हातची. साल्मीबाईंनी दिलेला विजेचा प्रवाह त्यांतून सोडायचा, एवढंच काम. तीन नोव्हेंबरला दुपारी चार वाजता मी वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर माझा परवलीचा शब्द टाकला, चारही वेटोळ्यांत प्रवाह सोडणारं बटण दाबलं, डबा धुतला आणि निरंजनच्या स्कूटरवर मागे बसून घरी आले.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं कँटीनमध्ये जेवत होतो. ओवी डोईफोडे तिथे आली. ओवी परभणीची, निरंजनकडे संशोधन करते, आणि त्याच्यासारखीच जेवायचं विसरते. तिने ताटांच्या मधोमध टॅब्लेट ठेवला.

"सर, हे बघा. रोज ठरावीक वेळेला वाढतंय."

"पंप असेल कोणाचा," निरंजन म्हणाला. "टेकामांना विचार."

"पंप रोज चार मिनिटं लवकर सुरू होतो का, सर?"

निरंजनने हातातला घास ताटात ठेवला. त्या चार मिनिटांचं असं आहे. माणसाची कुठलीही गोष्ट घड्याळाने चालते, चोवीस तासांनी. तारे मात्र रोज चार मिनिटं लवकर उगवतात. जे रोज चार मिनिटं लवकर येतं, ते पृथ्वीवरचं नसतं.

मी मान खाली घालून भाजी कालवत राहिले. ती चार मिनिटंही मीच घातली होती.

"बाकीचे तीन?" त्याने विचारलं.

"तिघांकडे पण आहे."

माझ्या ताटातली लिंबाची फोड उचलून त्याने आपल्या रिकाम्या वाटीत पिळली. मी ती वाटी त्याच्या हातातून काढून घेतली.

त्यानंतर माझ्या घरात एक आनंदी माणूस राहायला आला. दाढी करताना गुणगुणायचा. कधी नव्हे ते स्वतःहून भाजी आणायचा, आणि ती चक्क ताजी असायची. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून मला सगळं सांगायचा. आज दक्षिणेकडच्या केंद्राने ताल पडताळला, आज ओवीने अमुक शंका काढली आणि तीही फिटली. एरवी माझं तोंड तिखट. त्याने काही सांगितलं की मी म्हणते, हो का, आणि गेल्या वेळी जे सापडलं होतं ते फ्रीज निघालं ना? पण आता काय बोलणार? नुसती हं हं करत बसायचे. त्याला वाटायचं, अखेर बायकोला आपल्या कामाचं कौतुक वाटायला लागलं. तो आणखीच खुलायचा. मला वाटायचं, काय करून बसले मी हे.

तरी मी धरून होते. मनाशी म्हणायचे, सव्वीस फेब्रुवारीला मतदान आहे, लखोटा उघडेल, एक दिवस तोंड पाडून बसेल, मग मी त्याला पुरणपोळी करून घालीन. खेळाचा नियम त्यालाही माहीत आहे. हे मी धरून ठेवू शकले असते. पण जानेवारी आला.

बारा जानेवारीला निरंजन म्हणाला, "हेमा, उद्या नागपूरला यायचंय तुला. एका कागदावर नातेवाइकाची सही लागते."

"कसला कागद?"

"अँजिओग्राफी. काही विशेष नाही. जिना चढताना जरा दाटल्यासारखं होतं."

विशेष होतं. हृदयाला जाणाऱ्या डाव्या मुख्य वाहिनीत ऐंशी टक्के अडथळा. डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे. म्हणाले, बायपास, आणि ह्याच आठवड्यात. हे थांबण्यातलं नाही. मी मान डोलावली. निरंजनने खिशातून डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "सत्तावीस फेब्रुवारी चालेल?"

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकत होता. जामच्या फाट्यावर पोचल्यावर म्हणाला, "तुला कळतंय का, छाती उघडली की हाड परत जोडायला स्टीलच्या तारा घालतात. त्या जन्मभर आत राहतात. मग टेकाम मला तिसऱ्या दाराच्या पुढे सोडणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. एकोणीस वर्षं मी त्या गोळ्याशेजारी बसलोय, हेमा. आणि आता तो बोलायला लागलाय. सव्वीसला मला आत बसायचंय. एकदाच. मग खुशाल कापा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्याच्यासाठी हा माणूस जीव टांगणीला लावत होता, ते मी बनवलं होतं. नऊ वेढे, आणि चार वाजता दाबलेलं एक बटण.

नियम पक्का होता. राखणदाराने तोंड उघडलं तर लगेच समितीला कळवायचं. ज्याने ऐकलं, त्याच्या तोंडून ते पुढे गेलं किंवा नुसतं त्याच्या वागण्यावरून जरी कोणी ओळखलं, तरी नोंदींच्या त्या अख्ख्या फेरीचा निकाल बाद. दीडशे माणसांची चार वर्षं. त्यांत ओवीचीही चार. आणि निरंजनचा चेहरा तर कोणालाही काचेसारखा आरपार वाचता येतो. तो पत्त्यांत कधी जिंकलेला नाही.

महिनाभर मी न सांगता जे करता येईल ते सगळं केलं. भांडले. अबोला धरला. नाशिकहून त्याच्या बहिणीला बोलावून घेतलं. ती येऊन रडली, तिला त्याने स्टेशनवर सोडलं आणि सव्वीसची तारीख समजावून सांगितली. डॉक्टरांना फोन करून त्याला घाबरवायला लावलं. तो घाबरला, पण हलला नाही. गोळ्या वेळेवर घेतो, म्हणाला, जड उचलत नाही, आणखी काय हवंय? कामावर सगळ्यांना त्याने हर्नियाचं सांगून ठेवलं होतं. मला म्हणाला, मुलांचं लक्ष उडेल, तू बोलू नकोस. म्हणजे आणखी एक गुपित माझ्याच पदरात.

चौदा फेब्रुवारीला सकाळी अकराच्या सुमारास टेकाम वर्कशॉपच्या दारात आले.

"बाई, सर बसले तिथं चढावर. मी म्हनलं उठा, तर उठून नाही राह्यले."

खाणीच्या तोंडापासून वर्कशॉपपर्यंत सत्तर-ऐंशी पावलांचा चढ आहे. अर्ध्यावर एका दगडावर निरंजन बसला होता. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर घाम. जिभेखाली गोळी ठेवली होती. टेकामांना मी पाणी आणायला पाठवलं आणि त्याच्या शेजारी बसले.

"होतंय बरं," तो म्हणाला. "बारा दिवस राहिले."

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार महिनाभर करून झाला होता.

"निरंजन, ती खूण खोटी आहे. मी घातली. राखणदार मी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आत्ता ह्याला काहीतरी होणार आणि ते माझ्यामुळे होणार. मी त्याचं मनगट धरून नाडी मोजायला लागले, आणि आकडे चुकत होते.

मग त्याने विचारलं, "ती चार मिनिटं पण?"

"हो. ती पण."

"आणि जानेवारीत ताल अगदी जरासा सरकला होता, पृथ्वी सूर्याभोवती पुढे जाते त्यामुळे..."

"तेही घातलं होतं. साल्मीबाईंनी हिशेब दिला होता. प्रवाह मी लावला."

"सुरेख काम आहे," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. मग म्हणाला, "कधीपासून?"

"तीन नोव्हेंबर."

त्याने बोटांवर मोजलं. "एकशे तीन दिवस. हेमा, मी सगळ्या शंका तपासल्या. बारा कारणांची यादी केली होती, खोटी खूण हे पहिलं कारण होतं. राखणदार कोण असेल, म्हणून चारही देशांतली माणसं मनात घेऊन झाली. तू माझ्या डोक्यातच आली नाहीस. तू रोज समोर बसून जेवत होतीस, आणि तू माझ्यापासून काही लपवशील हे माझ्या यादीत नव्हतंच."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी रडले. दगडावर बसून, वर्कशॉपच्या पोरी खिडकीतून बघत असताना, हमसून रडले. म्हणाले, मला माफ कर, पण मला तू हवा आहेस, मला तो कण नको, मला काही नको, तू आजच्या आज नागपूरला चल. तो माझ्या पाठीवर थोपटत होता आणि मला म्हणत होता, हळू, टेकाम पाणी घेऊन येतायत, त्यांच्यासमोर बोलू नकोस, खेळ फुटेल. त्या अवस्थेतही त्याला खेळाची काळजी.

गाडीत बसण्याआधी मी साल्मीबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं: नवरा, फॉर्म, हृदय.

मग त्यांनी विचारलं, "श्री. आठल्ये हे तुमचे पती आहेत, हे तुमच्या केंद्रात कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "चहावाल्यालासुद्धा. तुम्हाला सोडून."

त्या म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. पण आता प्रश्न असा की मतदानापर्यंत बारा दिवस त्यांना कुठल्याही सहकाऱ्याशी बोलू न देता, कोणाला संशय न येता, ठेवायचं कुठे? अशी जागा आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "आयसीयू."

त्या हसल्या. फिनलंडची माणसं हसतात हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाल्या, घेऊन जा. त्यांचं मत मी बाद धरते, त्याचं कारण लिहून ठेवते, आणि तुमच्याबद्दल समिती नंतर ठरवेल.

नागपूरला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सर्जनना गाठलं. विचारलं, हाड जोडायला कुठली तार वापरता?

"स्टेनलेस स्टीलची, बाई. काळजी करू नका, तुटत नाही."

"तुटायचं नाही विचारत मी. चुंबकाला किती धरते? आणि टायटेनियमची मिळते का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. सर्जनला तारेबद्दल प्रश्न विचारणारी बायको त्यांनी पाहिली नसावी. मी माझं काम सांगितलं, निरंजनचं सांगितलं, तिसऱ्या दाराचं सांगितलं. त्यांनी कुठेकुठे फोन केले. टायटेनियमच्या पट्ट्या असतात, क्वचित वापरतात, मुंबईहून मागवाव्या लागतील. सकाळच्या विमानाने आल्या. मी त्या पाकिटातून हातात घेऊन बघायला मागितल्या, तर नर्सने मला बाहेर काढलं.

आत नेण्यापूर्वी पाच मिनिटं दिली आम्हाला. निरंजन स्ट्रेचरवर पडून छताकडे बघत होता.

मी म्हटलं, "तुझा आनंद घालवला मी."

"तीन महिने मिळाला की," तो म्हणाला. "लोकांना तेवढाही मिळत नाही. आणि असं बघ, तू लपवलेलं पोरांनी शोधून काढलं. इतकं बारीक लपवलेलं. म्हणजे तालांच्या त्या टप्प्यात खरं काही असतं तर तेही सापडलं असतं. तिथे नाही, हे आता छातीठोकपणे सांगता येईल."

"छातीचं नाव काढू नकोस."

तो हसला आणि त्याला आत नेलं. पाच तास लागले. त्या पाच तासांत मी देवाला जे जे बोलले ते इथे सांगणार नाही. काही बोलणं उद्धटपणाचं होतं.

सव्वीस तारखेला दुपारी तो बिछान्यात उशांना टेकून बसला होता. थोडा ताप येऊन गेल्यामुळे त्यांनी घरी सोडलं नव्हतं. मी लॅपटॉप त्याच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवला. पडद्यावर चार देशांच्या चार खोल्या. आमच्या खोलीत ओवी पुढे उभी, मागे सगळी मुलं, आणि दाराशी टेकाम. ओवीने नवी साडी नेसली होती. तिने चाळीस मिनिटं निबंध मांडला, इतका नेटका की मला मधेच खरा वाटायला लागला. निरंजन पडद्यावरच्या मुलांचे चेहरे बघत होता. मधे एकदा त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्या पोरांसाठी वाईट वाटतं गं."

मतदान झालं. सगळे 'जाहीर करा' म्हणाले. साल्मीबाईंनी लखोटा फोडला आणि वाचला. ताल तोच. तारीख तीन नोव्हेंबर. खोटी खूण.

चारही खोल्यांतून एक लांब उसासा आला. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण सापडली तर होतीच. मग सगळ्यांनी वाजवल्या. ओवीने तोंडावर पदर धरला होता, पण वाजवत होती तीही, एका हाताने टेबलावर. साल्मीबाई पुढे वाचत गेल्या. "राखणदार, एच. व्ही. टिळेकर, आंबेझरी केंद्र."

आमच्या खोलीतल्या सगळ्या माना एकदम कॅमेऱ्याकडे वळल्या.

"काकू?" ओवी म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत हळूहळू पुढचा प्रश्न आला. "सरांना माहीत होतं?"

साल्मीबाई काही बोलणार होत्या. मी म्हटलं, मीच सांगते.

"चौदा फेब्रुवारीला मी त्यांना सांगितलं. माझा शब्द मी मोडला. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि ते ह्या सिग्नलसाठी पुढे ढकलत होते. त्या दिवसापासून त्यांचं मत धरलेलं नाही. तुम्हाला रागवायचं तर मला रागवा."

मला वाटलं, झालं, एकोणतीस वर्षांची अब्रू गेली. ओवीने पदर खोचला आणि कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आली की पडद्यावर नुसता तिचा चेहरा उरला.

"हृदयाचं?" ती म्हणाली. "सर, तुम्ही आम्हाला हर्निया सांगितला होता. हर्निया छातीत असतो का, सर?"

निरंजनने चादर नीट केली.

"सिग्नल घाला चुलीत," ओवी रडत होती आणि ओरडत होती. "काकू, तुम्ही आम्हाला नुसतं सांगायचं. उचलून नेलं असतं आम्ही यांना. टेकामकाकांनी एकट्याने नेलं असतं. एक सिग्नल गेला तर दुसरा शोधू, दुसरे सर कुठून आणायचे? कधीपासून दुखत होतं, सर? खरं सांगा."

निरंजन शास्त्रज्ञ आहे. विद्यार्थ्याने आकडा विचारला की त्याला खोटा देता येत नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग अगदी नाइलाजाने माझ्याकडे.

"जुलैपासून," तो म्हणाला. "वणीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. फेरी चालू होती, म्हणून..."

मी मोजलं. जुलै ते फेब्रुवारी. मला जानेवारीत सांगितलं होतं, तेही सही लागली म्हणून. मी बटण दाबायच्याही चार महिने आधीपासून हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता, चढ चढत होता, आणि गप्प होता. आणि मी एकशे तीन दिवस मनातल्या मनात ह्याची माफी मागत होते.

मी लॅपटॉप मिटला. ओवीचं वाक्य अर्धंच राहिलं.

"बोल," निरंजन म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. "बोल काय बोलायचं ते. ऐकतो मी."

मला खूप बोलायचं होतं. पण त्याच्या छातीवर पांढरी पट्टी होती, आणि पट्टीखाली श्वास वर-खाली होत होता, नीट, एका तालात. मला इतका राग आला होता की मी त्याचा हात घट्ट धरला, आणि भेटीची वेळ संपली हे सांगायला नर्स दोनदा येऊन गेली तरी सोडला नाही.